हे पाणी कुठून आणलंस?

बंदुका दुरुस्त करणाऱ्या काकांनी माझ्या हवेच्या बंदुकीची टाकी उलटी धरून फडक्यावर दोनदा हलकेच आपटली आणि तिच्यातून एक थेंब पडला. एकच. गंजाच्या रंगाचा, जरासा दाट. पांढऱ्या फडक्यावर तो पसरत गेला आणि कडेला पिवळट वळं उमटलं. मी बंदूक घेऊन गेले होते ती वेगळ्याच तक्रारीसाठी. रात्री २०० बारवर ठेवलेला दाबाचा काटा सकाळी १८०वर यायचा. मला वाटलं सांध्यातली एखादी रबरी कडी, ओ-रिंग, गेली असेल, दहा मिनिटांचं काम. पण काकांची पद्धत अशी की हवा पूर्ण सोडल्याशिवाय, काटा शून्यावर येऊन वर थोडा वेळ गेल्याशिवाय, ते एकाही आट्याला हात लावत नाहीत. सगळी हवा सुस्कारा टाकत गेली, मग टाकी सुटली, मग काडीला कापूस गुंडाळून त्यांनी आतून फिरवला. कापूस विटकरी होऊन बाहेर आला. व्हॉल्व्हच्या बैठकीवर नखाएवढा करडा डाग होता, हवा तिथूनच झिरपत होती. काकांनी चष्मा कपाळावर चढवला, फडक्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ‘अगं, हे पाणी कुठून आणलंस?’

मी म्हटलं, काका, मी हिला पाण्याजवळ नेलेलीच नाही. पावसात कधी काढली नाही, ओल्या हाताने धरली नाही. ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. ‘मग हवेतून आणलंस,’ एवढंच म्हणाले आणि बैठक घासायला घेतली. बंदूक दोन दिवसांत दुरुस्त होऊन आली. प्रश्न मात्र तिथेच राहिला. कारण ती हवा भरणारं यंत्र मी स्वतः निवडलं होतं, आणि निवडताना पाण्याचा विचार एकदाही मनात आला नव्हता.

त्याआधी तीन वर्षं मी हातपंप वापरत होते. ज्यांनी वापरलाय त्यांना त्याचं वेगळं वर्णन नको. दिसायला सायकलच्या पंपाचा थोरला भाऊ, पण आत एकात एक तीन नळ्या, तीन टप्प्यांत हवा दाबणाऱ्या. दोन्ही पावलं पायट्यावर, हात सरळ, आणि दाबायचं ते दंडांनी नव्हे तर गुडघे सोडून अख्ख्या अंगाच्या वजनाने. मला हे उशिरा कळलं. तोवर उजवा खांदा मी खर्ची घातला होता. माझी टाकी २५० घनसेंटीमीटरची. १२० बारवर आली की पुन्हा २००वर न्यायला साधारण सत्तर दाब लागायचे. पहिले वीस सहज, पुढचे तीस मोजत, शेवटचे वीस दात आवळून. मध्ये थांबायचंच, कारण पंपाचं बूड तापतं. हात लावला की चटका बसावा इतकं. तो चटका मला ओळखीचा होता. लहानपणी बाबा सायकलच्या चाकात हवा भरायचे तेव्हा पंपाचं टोक धरून ठेवणं हे माझं काम. धरता धरता बोटं भाजायची आणि मी विचारायचे, बाबा, आत विस्तव आहे का? ते म्हणायचे, विस्तव नाही, गर्दी झालीय आत. याहून नेमकं उत्तर मला पुढे कुठल्या पुस्तकात मिळालेलं नाही.

त्या सत्तर दाबांत साधारण चाळीस छर्रे निघायचे. म्हणजे एका छऱ्यामागे पावणेदोन दाब. हा हिशोब मी मुद्दाम केला नव्हता, अंगानेच तो करून ठेवला होता. चाप ओढण्याआधी खांद्याला ठाऊक असायचं की हा छर्रा फुकट गेला तर पावणेदोन वेळा वाकावं लागणार आहे. श्वास आपोआप स्थिर व्हायचा. नेम जमत नसेल तर बंदूक खाली ठेवायची, पुन्हा उचलायची. चाळीस छऱ्यांना पाऊण तास लागायचा. मी काही शिस्तीची बाई नाही. ती शिस्त पंपाची होती.

हवेच्या बंदुका आजच्या आहेत असं अनेकांना वाटतं, म्हणून हे मध्येच सांगते. १७८०च्या सुमारास ऑस्ट्रियाच्या सैन्यात जिरार्डोनी नावाच्या कारागिराने घडवलेल्या हवेच्या रायफली होत्या. दस्ता हीच हवेची टाकी, बाजूच्या नळीत वीस गोळ्या, धूर नाही, भडका नाही. आणि ती टाकी हातपंपाने भरायला सुमारे १५०० दाब लागत असं सांगतात. माझे सत्तर दाब त्यापुढे काहीच नाहीत. पण मला त्या रायफलीतली दुसरीच गोष्ट आवडते. तिच्या टाकीच्या सांध्याला चामड्याचं वायसर असे आणि ते ओलं ठेवावं लागे. कोरडं पडलं की हवा निसटायची. म्हणजे त्या शिपायाला हवा टिकवायला पाणी लागत होतं, आणि मी पाण्यापायी हवा गमावून बसले होते.

खांद्याने अखेर नोटीस दिली आणि मी कॉम्प्रेसर शोधायला लागले.

शोधायला लागले म्हणजे काय, तर रात्री उशिरापर्यंत फोनवर एका रकान्यावरून दुसऱ्या रकान्यावर बोट फिरवत बसले. किती मिनिटांत भरतो, वजन किती, आवाज किती, आकार केवढा. आता आठवलं की हसू येतं, कारण मी जे चार रकाने पाहत होते ते चारही माझ्या सोयीचे होते. बंदुकीच्या सोयीचा एकही नव्हता. टाकीत जाणाऱ्या हवेचं काय होणार, ती किती तापलेली असेल, तिच्यासोबत आणखी काय काय आत जाईल, यांतलं काहीही मी विचारलं नाही. शेवटी एक छोटी पेटी घेतली, मिठाईच्या पुड्याएवढी नसली तरी शिवणयंत्राच्या डब्याएवढी. बारा व्होल्टवर चालणारी. सोबत विजेचं वेगळं जाड खोकं, किंवा गाडीच्या बॅटरीला लावायचे लाल-काळे चिमटे. अशी यंत्रं साधारण तीनशे वॉटची असतात, आणि बारा व्होल्टवर तीनशे वॉट म्हणजे पंचवीस अँपिअर. वायर हाताला कोमट लागते ती त्यामुळे. पहिल्यांदा चालू केलं तेव्हा घरभर अशी घरघर उठली की जातं आणि मिक्सर एकदम लावल्यासारखं वाटलं. काटा मात्र माझ्या एकाही दाबाविना चढत होता. १३०, १५०, १८०. मी हाताची घडी घालून बघत उभी होते. त्या दिवशी जे सुख झालं ते मी नाकारणार नाही. खांद्याची इतकी वर्षांची कटकट कुणीतरी एका बटणात गुंडाळून दिली होती.

यंत्र २०० बारला आपोआप थांबलं. तासाभराने पाहते तो काटा १८७वर. मी घाबरून साबणाचं पाणी लावून सगळे सांधे तपासले, एकही बुडबुडा नाही. मग उजेड पडला. यंत्राने भरलेली हवा गरम होती. टाकी हाताला ऊबदार लागली होती ते मला कौतुकाचं वाटलं होतं. पंचेचाळीस अंशांची हवा पंचविसावर आली की २०० बारचे १८७ होणारच, त्यात गळती कसली. त्या दिवशी मी स्वतःवर इतकी खूश झाले की पुढे कित्येक महिने काटा खाली आला की मनाशी म्हणायचे, थंड झाली असेल. ज्या रात्री खरंच गळती सुरू झाली त्याही रात्री तेच म्हणाले असणार.

आणि नेम बिघडला. हे कबूल करायला वेळ लागला. आता हवा स्वस्त झाली होती. चाळीस छऱ्यांऐवजी ऐंशी, कधी शंभर. पंधरा मिनिटांत चाळीस. लागला नाही, पुढचा. त्यातच मला वाटायला लागलं की २००च्या थोडं वर भरावं, २१५, २२०. यंत्राचं काय जातंय? बंदुकीवर कमाल दाब कोरलेला असतो आणि तो सल्ला नसून हद्द असते, हे मला कळत होतं, तरी बोट गेलंच. आणि गंमत अशी की छर्रे खाली पडायला लागले. माझ्या बंदुकीत रेग्युलेटर, म्हणजे दर छऱ्याला सारखाच दाब देणारा भाग, नाही. हातोडी स्प्रिंगच्या जोरावर व्हॉल्व्हला ठोसा मारते, व्हॉल्व्ह क्षणभर उघडतो, तेवढ्यात हवा निसटते. आतला दाब फार असला की तोच दाब व्हॉल्व्हला मागून रेटून धरतो, ठोसा अपुरा पडतो, दार किलकिलंच उघडतं. जास्त भरलेल्या बंदुकीतून छर्रा हळू निघतो. दाब उतरत गेला की वेग वाढतो, मधे काही छर्रे एका वेगाचे जातात, मग हवा संपत आली की पुन्हा उतार. त्या मधल्या सपाटीसाठीच आपण भरतो. हातपंपाच्या काळात मी कधी २००च्या वर गेलेच नव्हते, कारण शेवटचे दाब जिवावर यायचे. आळसाने मला बरोबर जागी थांबवलं होतं.

काकांच्या प्रश्नावर मी हे सगळं आठवत होते, पण पाणी अजून सापडलं नव्हतं. मग एका रात्री कागद-पेन्सिल घेऊन बसले. वीस अंशांच्या हवेच्या एका घनमीटरमध्ये जास्तीत जास्त सतरा ग्रॅमच्या आसपास पाण्याची वाफ मावते. साधारण दिवशी त्याच्या साठेक टक्के असते, म्हणजे दहा ग्रॅम धरा. माझी टाकी १२०वरून २००वर नेणं म्हणजे पाव लिटरच्या डब्यात ऐंशी पट, वीस लिटर बाहेरची हवा कोंबणं. वीस लिटर हवेत पाणी किती? शून्य पूर्णांक दोन ग्रॅम. थेंबात मोजलं तर चार. हवा दाबली म्हणून वाफेला जागा जास्त मिळत नाही. डबा पाव लिटरचाच, त्यात मावणारी वाफ पाव लिटरपुरतीच, बाकीचं पाणी होऊन खाली बसणार. बाबांची गर्दी. गर्दीत हवा कशीबशी उभी राहते, पाण्याला मात्र बसावं लागतं.

एका भरणीला चार थेंब. मी आठवड्यातून चारपाच वेळा भरत होते, आणि दीड वर्ष.

अर्थात सगळे थेंब टाकीत गेले नव्हते. तसं असतं तर काकांच्या फडक्यावर ओहोळ आला असता. काही नळीत अडले, काही छर्रा सुटताना हवेबरोबर परत बाहेर गेले, काही यंत्राच्या पोटातल्या इवल्याशा सापळ्यात थांबले. हो, माझ्या पेटीला सापळा होता, बोटाएवढा, आत कापसाची वात. मी वात बदलायचे, ती ओली निघायची, आणि मला वाटायचं, छान, काम करतोय. काकांनी नंतर समजावलं ते ऐकून मी गप्प झाले. पाणी सापळ्यात कधी पडतं? हवा तिथे चेपलेली असेल आणि थंड झालेली असेल तेव्हा. माझ्या पेटीत हवा सापळ्यात पोहोचते तेव्हा ती उकळत्या भांड्यावरच्या वाफेसारखी गरम असते. गरम हवा पाणी पोटात घेऊन निवांत पुढे जाते आणि टाकीत जाऊन थंड होते. मग तिथे ओझं उतरवते. शिवाय टाकी रिकामी असताना सुरुवातीला नळीत दाबच नसतो, तेव्हा तर पाणी वाफेच्याच रूपात सरळ आत. म्हणून मोठ्या यंत्रांना गाळणीच्या पुढे एक अडसर असतो. गाळणीत दाब शंभर-सव्वाशे बार किंवा त्याहून वर साचल्याशिवाय तो हवा पुढे सोडतच नाही. पाण्याला तिथेच बसायला लावायचं, आणि उरलंसुरलं पुढच्या दाण्यांनी शोषायचं. हे दाणे म्हणजे रेण्वीय चाळणी (मॉलिक्युलर सीव्ह), पांढरट मण्यांसारखी. त्यांच्यामागे तेलाच्या वाफेसाठी कोळसा. माझ्या पेटीत यांतलं काही नव्हतं, आणि ज्याने ती विकली त्याने खोटंही काही सांगितलं नव्हतं. मी विचारलंच नव्हतं.

दुसऱ्यांदा यंत्र घ्यायचं ठरलं तेव्हा मी काकांकडे यादी घेऊन गेले. त्यांनी यादी वाचली नाही. विचारलं, ‘बंदूक भरायचीय की बाटली?’ मला वाटलं होतं हा किरकोळ फरक आहे. पण सगळी निवड त्या एका प्रश्नावर दुभंगते. बंदूक भरायची तर एका वेळी वीस-तीस लिटर हवा, दोनतीन मिनिटांचं काम, छोट्या यंत्राला झेपणारं. आगीत शिरणारे जवान पाठीला लावतात तसली ६.८ लिटरची बाटली ३०० बारला भरायची तर दोन हजार लिटर हवा. माझी पेटी मिनिटाला दहा लिटर द्यायची, म्हणजे दोनशे मिनिटं, आणि ती पंधरा मिनिटांपुढे सलग चालवायची नाही असं तिच्या पाठीवरच लिहिलेलं. लोक तरी चालवतात. पिस्टनची रिंग झिजते, वितळते, मग म्हणतात यंत्र वाईट होतं. खरं तर बैलाचं ओझं शेळीच्या पाठीवर टाकलेलं असतं.

मोठी बाटली मला मोहात पाडत होती. एकदा भरली की माझ्या छोट्या टाकीच्या तीसेक भरण्या निघतात. पण ती हातात घेतली आणि एका ओळखीच्या गृहस्थांनी सहज सांगितलं की भरलेल्या बाटलीत जेवढी ताकद दडलेली असते ती एक टन वजनाच्या गाडीच्या ताशी शंभर किलोमीटरच्या वेगाएवढी असते. मी घरी येऊन गणित केलं, जवळपास तेवढीच निघाली. त्या रात्री मला पलंगाखाली गाडी धावत असल्याची स्वप्नं पडली. बाटल्यांना चाचणीची तारीख असते, पाण्याने दाब देऊन तपासतात, बऱ्याच ठिकाणी दर पाच वर्षांनी. कार्बनच्या धाग्यांनी गुंडाळलेल्यांना बहुधा आयुष्याचीही मुदत असते. दहा मीटरच्या स्पर्धांमध्ये नेमबाजाच्या सिलेंडरची मुदत संपलेली नसावी ही जबाबदारी त्याच्यावरच असते. मी तोवर माझ्या बंदुकीच्या टाकीवरची तारीख कधी वाचलीच नव्हती. ती मुदतीत निघाली, पण वाचताना छाती धडधडली खरी.

मग काकांनी मला एक मोठं यंत्र दाखवलं. पट्ट्यावर चालणारं, तीन टप्प्यांचं, एकामागून एक लहान होत जाणारी तीन सिलेंडरं, त्यांच्यामधून पितळी रंगाच्या वळवळत्या नळ्या. त्या नळ्या शोभेच्या नाहीत. हवा एका दमात ३०० पट दाबली आणि उष्णता कुठे जाऊच दिली नाही, तर हिशोबाने ती बाराशे अंशांपर्यंत तापेल. दोन टप्प्यांत विभागली आणि मध्ये गार केली, तर दर टप्प्याला चारशेच्या जरा खाली. चार टप्प्यांत, दीडशे-पावणेदोनशे. प्रत्यक्षात धातू बरीच उष्णता पिऊन टाकतो, तरी कल चुकत नाही. जितके टप्पे कमी तितका एकेकावरचा ताप जास्त, आणि तितकं तेल जळायला जवळ. डिझेलचं इंजिन ठिणगीशिवाय पेटतं ते याच न्यायाने, आणि नको तिथे पेटतं तेही याच न्यायाने. काका या एका बाबतीत कडक आहेत. बंदुकीच्या हवेच्या वाटेवर ते घरातलं कुठलंही तेल येऊ देत नाहीत. तिथे फक्त सिलिकॉन ग्रीस, तेही बोटाला जाणवेल न जाणवेल इतकं. यंत्रात त्याच्यासाठीचंच कृत्रिम तेल. ‘आणि ऑक्सिजनची बाटली?’ मी उगाच विचारलं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुढचा प्रश्न गिळला. ग्रीस, ऑक्सिजन आणि दाब एकत्र आले की बंदूक उरत नाही आणि धरणाराही.

तीन टप्प्यांचं यंत्र माझ्या गरजेच्या कितीतरी पट होतं. मला आठवड्याला लागते साठ-ऐंशी लिटर हवा, ते मिनिटाला शंभर देतं. ते घेणं म्हणजे एका कुंडीसाठी विहीर खणणं. मी मधलं घेतलं. दोन टप्प्यांचं, तेलात बुडून चालणारं, पाण्याने गार होणारं. बादलीत छोटा पंप सोडायचा, दोन नळ्या, पाणी सिलेंडराभोवती फिरून परत बादलीत. आणि यंत्राच्या पैशाला लाजवेल अशी एक लांब गाळणी वेगळी घेतली, हाताच्या कोपरापासून बोटापर्यंत उंच, दाण्यांची आणि कोळशाची, पुढे अडसरासकट. सोबत तीन लिटरची बाटली. ३००वर भरली की २००पर्यंत उतरेतो माझ्या टाकीच्या पंधराएक भरण्या देते. म्हणजे यंत्र महिन्यातून एकदाच चालवायचं, शांतपणे, बादलीत हात घालून पाणी किती तापलंय ते बघत. बाटलीतून टाकीत हवा सोडायचीही घाई करायची नाही. झडप अगदी थोडी उघडायची, काटा मिनिटाच्या काट्यासारखा सरकू द्यायचा. आपोआप थांबण्याची सोय यातही आहे. मी तिच्यावर विसंबत नाही. दोन गेजांत दहा बारचा फरक आहे आणि कोणतं खरं बोलतं ते मला अजून ठरवता आलेलं नाही, म्हणून जे जास्त दाखवतं त्याच्यावर विश्वास ठेवते. एकदा डायल पीएसआयमध्ये, म्हणजे दाबाच्या पौंडांतल्या मापात, वाचून बारमध्ये समजण्याची चूक होता होता राहिली. साडेचौदा पटींची ती चूक. त्यानंतर रंगीत पट्टी चिकटवून टाकली.

यंत्राला गाळणीच्या तळाशी एक निचऱ्याची झडप आहे. चालू असताना दर तीनचार मिनिटांनी ती जराशी उघडायची. पहिल्यांदा उघडली तेव्हा कानठळ्या बसवणारा फुत्कार आला आणि खाली धरलेल्या वाटीत दुधासारखं पांढुरकं काहीतरी उडालं. पाणी आणि तेल यांचं घुसळलेलं. बाटली २००वरून ३००वर जाईपर्यंत वाटीत अर्ध्या चमच्याहून थोडं जास्त जमलं. तीनशे लिटर हवा, दहा ग्रॅमच्या हिशोबाने तीन ग्रॅम पाणी. कागदावर हे मी आधीच काढलेलं होतं, तरी ते समोर वाटीत हललं तेव्हा अंगावर काटा आला. खोलीतली हवा कोरडी होती. मी तिथे बसून श्वास घेत होते आणि मला ती कोरडीच वाटत होती. वाटी उजेडाकडे धरून मी कितीतरी वेळ बघत राहिले. दमट दिवशी हेच दुप्पट निघतं. आता मी आकाश बघून यंत्र लावते, शक्यतो कोरड्या सकाळी.

हातपंप मी विकला नाही. खांदा बरा असला की अधूनमधून शेवटचे वीस दाब त्याच्यावर देते. तो काही अधिक शुद्ध हवा देत नाही. त्याचाही सापळा बारीकच आहे आणि तोही तापतो. कारण वेगळं आहे आणि ते नीट सांगता येत नाही. त्या दिवशी छर्रे मोजून मारले जातात एवढं खरं. बाकीच्या दिवशी मी साठवर थांबायचं ठरवते आणि सत्तरवर थांबते. नेम परत आला का? थोडा. दहा मीटरवरच्या रायफलच्या निशाण्यातला दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो, त्याच्या गोष्टी मी करणार नाही. माझी भोकं एकमेकांच्या जवळ पडायला लागली आहेत, एवढंच.

वर्ष झालं तेव्हा मी बंदूक पुन्हा काकांकडे नेली. गळती नव्हती, तक्रार नव्हती. काका म्हणाले, कशाला उघडायची? मी म्हटलं, उघडाच. मला त्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं होतं. त्यांनी नेहमीप्रमाणे सगळी हवा सोडली, वाट पाहिली, टाकी सोडवली. फडकं पसरलं. टाकी उलटी करून दोनदा आपटली. काही पडलं नाही. काडीला कापूस गुंडाळून आत फिरवला, तो जसा गेला तसा पांढरा बाहेर आला. मी श्वास सोडला. तेवढ्यात काकांनी कापूस नाकाशी नेला, डोळे मिटले, आणि काडी माझ्यापुढे धरली.

‘बघ गं, तेलाचा वास येतोय का?’

म्हणजे कोळसा संपत आलाय का. मी वास घेतला. पुन्हा घेतला. एकदा वाटलं येतोय, एकदा वाटलं माझ्या बोटांचाच असेल. काका वाट बघत उभे होते.